कचरा जाळणाऱ्या बॉयलरच्या ट्यूब का खाल्ल्या जातात आणि पहिल्या शटडाऊन तपासणीला जाताना काय करायचं

नाशिककडची, सातपूर, अंबड, सिन्नरची बरीच पोरं आता बॉयलर तपासणीच्या कामाला बाहेर जातायत. कुणी आयटीआय करून एनडीटीचा (धातू न तोडता तपासण्याचा) कोर्स केलेला, कुणी डिप्लोमा मेकॅनिकल, कुणी एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीज केंद्रात नाहीतर साखर कारखान्यावर दोन-चार सीझन काढलेले. आणि हल्ली कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्लांटचे कॉल येतात, कारण असे प्लांट वाढलेत, पिंपरी चिंचवडचा मोशीचा १४ मेगावॅटचा २०२३ ला सुरू झाला, जबलपूर, हैदराबाद, दिल्लीला आधीपासून आहेत. आपल्याकडे विल्होळीला ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्यावर वीज असा प्रकल्प झाला पण तिथे कचरा जाळत नाहीत, त्यामुळे हा विषय नाशिकमध्ये बसून बघायला मिळत नाही, थेट साइटवर गेल्यावरच समोर येतो आणि मग गडबड उडते. मी या कामातून गेलोय, म्हणून क्रमाने लिहितोय. कोळशाच्या किंवा बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) बॉयलरचा अनुभव असला तरी हे वाचून जा, कारण तिथली सवय इथे बऱ्याच ठिकाणी चुकीचं उत्तर देते.

१. आधी कारण समजून घ्या, मीटर नंतर उचला

एकलहऱ्याला २१० मेगावॅटच्या युनिटला ५४० अंशाच्या आसपासची वाफ वर्षानुवर्षं चालते. कचऱ्याच्या बॉयलरला साधारण ४० बार आणि ४०० अंश एवढीच वाफ ठेवतात, आणि तरीही ट्यूब जातात. कारण एकच, क्लोरीन. कचऱ्यात पीव्हीसी असतं, आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के क्लोरीन असतं. शिवाय उरलेल्या अन्नातलं मीठ, लोणच्याच्या, फरसाणाच्या पाकिटांतलं मीठ. हे सगळं जळलं की हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू होतो, आणि सोडियम पोटॅशियमचे क्लोराईड वाफ होऊन गॅसबरोबर पुढे जातात आणि थंड ट्यूबवर येऊन बसतात.

आता खरी गोष्ट. ट्यूबवर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर असतो, तो नेहमी धातूला वाचवतो. क्लोरीन त्या थराच्या बारीक भेगांतून आत शिरतं, धातूशी मिळून आयर्न क्लोराईड करतं. हे आयर्न क्लोराईड गरम जागी वाफ होऊन बाहेरच्या बाजूला सरकतं, तिथे ऑक्सिजन भेटला की त्याचं ऑक्साइड होतं आणि क्लोरीन मोकळं होतं, आणि ते पुन्हा आत. म्हणजे क्लोरीन संपतच नाही, तेच तेच लोखंड ओढून बाहेर काढत राहतं. वर जो थर तयार होतो तो जाड दिसतो पण भुसभुशीत, पापुद्र्यांचा, त्याचा धातूला काही उपयोग नाही. त्यामुळे जाड गंज बघून "थर चांगला बसलाय, ट्यूब सुरक्षित आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसरा प्रकार वितळलेल्या मिठाचा. साधं सोडियम क्लोराईड ८०१ अंशाला वितळतं, पोटॅशियम क्लोराईड ७७० ला, मग ३०० अंशाच्या ट्यूबवर काय वितळणार असं वाटतं. पण कचऱ्यात झिंक आणि शिसं असतं, जीआय पत्रा, टायर, जुना रंग, बॅटऱ्या, सोल्डर यातून आलेलं. झिंक क्लोराईड पोटॅशियम क्लोराईडमध्ये मिसळलं की ते मिश्रण २५० अंशाच्या आसपासच पातळ होऊ शकतं, शिशाचं मिश्रण ४०० च्या थोडं वर. आणि ४० बारला पाणी उकळतं २५० अंशाला, वॉटरवॉलचा, म्हणजे भट्टीभोवतीच्या पाण्याच्या ट्यूबच्या भिंतीचा, पृष्ठभाग त्याच्याहून थोडा वरच असतो. म्हणजे ज्या भिंतीला आपण "थंड" समजतो तिथेसुद्धा ओलं मीठ धातूला चिकटून बसू शकतं, आणि वितळलेलं मीठ कोरड्यापेक्षा खूप वेगाने खातं.

वाफेचं तापमान वाढवलं की वीज जास्त मिळते हे सगळ्यांना माहीत आहे, पण इथे ते इतकं सोपं नाही. अॅमस्टरडॅमच्या प्लांटने १३० बार आणि ४४० अंशापर्यंत मजल मारली ती ट्यूबवर निकेलच्या मिश्रधातूचं कवच चढवून आणि वाफ पुन्हा गरम करायची वेगळी व्यवस्था करून. साध्या ट्यूबवर असले प्रयोग करायचे नसतात.

२. निघायच्या आधी मागायची कागदपत्रं

फोनवर "या, सगळं आहे इथे" म्हणतात. तसं निघू नका, मेलवर मागा, आणि नाही आलं तर पुन्हा मागा:

- प्रेशर पार्टचं (दाब सोसणाऱ्या भागांचं) ड्रॉइंग, ट्यूबचा व्यास, जाडी, मटेरियल लिहिलेलं
- मागच्या शटडाऊनचे थिकनेस रिपोर्ट, शक्यतो एक्सेलमध्ये
- बॉयलरचे एकूण चालू तास आणि मागच्या तपासणीपासूनचे तास
- बदललेल्या ट्यूबची यादी, कुठली, कधी, कशामुळे
- कुठे ओव्हरले (ट्यूबवर वेल्डिंगने चढवलेलं मिश्रधातूचं कवच) किंवा रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणाऱ्या विटांचं अस्तर) आहे त्याचा नकाशा
- सुपरहीटरच्या (वाफ आणखी गरम करणाऱ्या ट्यूबच्या) आधीच्या गॅसच्या तापमानाचा ट्रेंड
- बॉयलरचं चालू सर्टिफिकेट, ज्याला सगळे फॉर्म सिक्स म्हणतात

तुमच्या बाजूने: आधार, मेडिकल फिटनेस, ईएसआय-पीएफचा कागद, यूटी (अल्ट्रासॉनिक तपासणी) लेव्हल टू सर्टिफिकेट, मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. मुदत बघून घ्या, गेटवर तारीख बघतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बदललेल्या ट्यूबची यादी. ती नसली तर मागच्या वर्षी ३.८ मिमी आणि यंदा ५.१ असं दिसतं आणि ऑफिसमधला माणूस म्हणतो रीडिंग खोटं घेतलं. ट्यूब नवीन टाकलेली असते, एवढंच.

३. सामान

जाडी मोजायचा मीटर आणि दोन प्रोब, एक बारीक व्यासाचा. स्टेप ब्लॉक (मीटर तपासायचा ठरावीक जाड्यांचा ठोकळा). कपलंट (प्रोब आणि ट्यूबच्या मध्ये लावायची जेल) भरपूर, उभ्या भिंतीवर पातळ कपलंट ओघळतं त्यामुळे घट्ट घ्या. स्क्रेपर, वायर ब्रश, छोटा ग्राइंडर आणि फ्लॅपर व्हील. हेडलॅम्प, २४ व्होल्टचा हँडलॅम्प प्लांटकडून. ऑइल पेंट मार्कर, कारण खडू राखेत टिकत नाही. झिप लॉक पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या, लेबल. एक छोटा जोरदार मॅग्नेट, त्याचं काम पुढे येईल. मास्क साधा कापडी चालणार नाही, बारीक धुळीचा रेस्पिरेटर लागतो, ही राख कोळशाच्या राखेसारखी नाही, तिच्यात शिसं आणि कॅडमियम असतं. हात-तोंड धुतल्याशिवाय आत-बाहेर करताना चहा-बिस्किट खाऊ नका, हे मी हात जोडून सांगतोय.

गेटवर रिटर्नेबल गेट पास करून घ्या आणि प्रत्येक यंत्राचा सीरियल नंबर त्यात लिहून घ्या. प्रोबचा नंबरसुद्धा. लिहिला नाही तर काम संपल्यावर रात्री सिक्युरिटीवाला यंत्र बाहेर सोडत नाही आणि सही करणारा अधिकारी घरी गेलेला असतो.

४. परमिट आणि आत शिरणं

कन्फाइन्ड स्पेस (बंदिस्त जागेत शिरायचं) परमिट, वर्क परमिट, लॉकआउट (यंत्रं चुकून चालू होऊ नयेत म्हणून लावलेली कुलपं), तिन्ही आपल्या डोळ्यांनी बघा. ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजलेलं परमिटवर लिहिलेलं असलं पाहिजे, आणि जेवणानंतर परत आत जाताना परत मोजायला लावा. मॅनहोलवर एक माणूस कायम उभा पाहिजे. यातल्या कशालाही "आपलेच लोक आहेत, चालतं" म्हणायचं नाही.

सगळ्यात मोठा धोका वरून पडणारा क्लिंकर. फर्स्ट पासच्या (गॅसच्या पहिल्या उभ्या वाटेच्या) भिंतीवर राखेची ढेकळं चिकटून असतात, थंड होताना सुटतात. वरचं साफ झाल्याचं शिफ्ट इंचार्जकडून लिहून घेतल्याशिवाय खाली उभं राहायचं नाही.

५. धुवायच्या आधी एकदा बघून घ्या

नवीन माणूस हमखास इथे फसतो. शटडाऊन सुरू झाला की प्लांटवाले घाईघाईने पाणी मारून राख धुतात आणि मग तपासणीवाल्याला बोलावतात. ट्यूब स्वच्छ मिळते पण सगळा पुरावा गटारात. म्हणून आधीच ठरवून घ्या की सफाईच्या आधी अर्धा तास आम्हाला आत सोडा, फोटो आणि नमुने घेऊन आम्ही बाहेर येतो, मग तुम्ही खुशाल धुवा.

त्या अर्ध्या तासात थराचा रंग, जाडी, कुठे जास्त आणि कुठे अजिबात नाही हे बघा. थर हळूच खरवडून धातूपर्यंत जा. वर राखाडी किंवा तपकिरी राख, मध्ये कडक थर, आणि अगदी धातूला लागून काळपट, कधी हिरवट-पिवळट झाक असलेला पातळ पापुद्रा. तो पापुद्रा वेगळा काढून तसाच उघडा ठेवा आणि काही तासांनी बघा. हवेतली ओल धरून तो पाझरायला लागतो, वर तांबूस-तपकिरी थेंब उभे राहतात आणि मग सगळाच गंजाच्या रंगाचा होतो. असं झालं म्हणजे धातूपाशी आयर्न क्लोराईड आहे, वर सांगितलेली क्लोरीनची फेरी तिथे चालू आहे. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी तुम्हाला उत्तर मिळालेलं असतं. पावसाळ्यात हे फारच लवकर होतं.

लॅबसाठीचा नमुना मात्र उघडा ठेवायचा नाही. बाहेरचा, मधला, आतला असे तीन थर तीन पिशव्यांत, सिलिका जेल टाकून, लगेच बंद. पिशवीवर पास, भिंत, ट्यूब नंबर, उंची. सगळा थर एकत्र खरवडून एकच पिशवी भरली तर लॅब सरासरी काढून देते, आणि क्लोरीन तर आतल्या थरात जमलेलं असतं, ते बाहेरच्या राखेत मिसळून दिसेनासं होतं. लॅबला क्लोरीन, सल्फर, सोडियम, पोटॅशियम, झिंक, शिसं एवढं नक्की मागा.

६. कुठे मोजायचं

सगळीकडे सारखे पॉइंट घेत बसलात तर तीन दिवस जातील आणि जिथे ट्यूब फुटणार तिथे एकही रीडिंग नसेल. या बॉयलरमध्ये झीज जागा निवडून होते.

फर्स्ट पासमध्ये रिफ्रॅक्टरी संपते त्याच्या वरचा मीटर-दोन मीटरचा पट्टा दाट मोजा. खाली विटांनी वाचवलेलं असतं, वर अचानक उघडी ट्यूब ज्वाळेसमोर येते. ओव्हरले जिथे संपतो ती कडसुद्धा तशीच. सेकंडरी एअरच्या (जाळीच्या वरून दिलेल्या जादा हवेच्या) नोझलच्या आसपास आणि ज्या भिंतीवर ज्वाळा कलते तिथे, कारण हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइड जास्त असलं की ऑक्साइडचा थर नीट टिकत नाही. सुपरहीटरमध्ये गॅस पहिल्यांदा आदळतो त्या ओळी, आणि जिथे वाफ सगळ्यात गरम आहे त्या ओळी. या दोन्ही एकच असतील असं धरू नका, काही डिझाइनमध्ये शेवटचा सुपरहीटर गॅसच्या वाटेत पुढे नसतो, ड्रॉइंग बघा.

सूटब्लोअरच्या (वाफेचा झोत मारून राख उडवणाऱ्या यंत्राच्या) समोरच्या ट्यूब सगळ्या मोजा, एकही सोडू नका. तिथे वाफेच्या माऱ्याने थर उडतो, ताजा धातू उघडा पडतो, परत खाल्ला जातो, परत उडतो. अशी ट्यूब चकचकीत दिसते आणि एका बाजूने चपटी. बाकी सगळं राखेने भरलेलं असताना एखादी ट्यूब स्वच्छ दिसली तर आधी तिच्याकडे जा.

इकॉनॉमायझर (बॉयलरला जाणारं पाणी आधी गरम करणारा भाग) इथे तुलनेने शांत असतो, ठरावीक पॉइंट घेऊन पुढे निघालात तरी चालेल.

७. मोजताना फसवणाऱ्या गोष्टी

पृष्ठभाग फ्लॅपर व्हीलने फक्त चमक येईपर्यंत साफ करा. ग्राइंडिंग डिस्क लावून खड्डे "सपाट" करणारे लोक धातूच कमी करतात.

प्रोबवरची मधली रेघ ट्यूबच्या लांबीला आडवी धरा. त्याच जागी दोन-तीन वेळा टेकवा, सगळ्यात कमी आणि स्थिर आलेला आकडा घ्या.

आणि हे नीट वाचा. ट्यूब खूप पातळ झाली की मीटर कधी कधी पहिला इको (परत येणारी आवाजाची लहर) सोडून दुसरा पकडतो आणि दुप्पट दाखवतो. ट्यूब असते १.६ आणि स्क्रीनवर येतं ३.२. शेजारच्या ट्यूब ३.४, ३.३ असतील तर हा आकडा अगदी खरा वाटतो आणि पुढे निघून जातो. म्हणून ज्या भागात झीज दिसतेय तिथे स्क्रीनवर वेव्हफॉर्म दिसणारा मीटर वापरा, स्टेप ब्लॉकवर १ आणि २ मिमीलाही तपासा, आणि डोळ्यांना ट्यूब चपटी दिसतेय पण आकडा चांगला येतोय असं झालं तर डोळ्यांवर विश्वास ठेवा, परत मोजा.

ओव्हरले केलेल्या ट्यूबवर मीटर खालचं स्टील आणि वरचं कवच मिळून एकत्र जाडी दाखवतो. ६.५ आलं म्हणून खूश व्हायचं नाही, कवच किती राहिलंय हा प्रश्न वेगळा. त्यासाठी मॅग्नेट. अलॉय ६२५ चं कवच मॅग्नेट ओढत नाही, खालचं साधं स्टील ओढतं. मॅग्नेट फिरवत न्या, जिथे तो अचानक जास्त जोराने चिकटतो तिथे कवच पातळ झालंय किंवा गेलंय. मग तिथे कोटिंग जाडीच्या गेजने नीट आकडा घ्या.

८. हिशोब

दर हजार तासाला किती मिमी, असा झिजेचा वेग काढा. समजा आधी ५.० होती, ४००० तासांनी ४.२ आली. गेली ०.८, म्हणजे हजार तासाला ०.२. ड्रॉइंगप्रमाणे कमीत कमी ३.० पाहिजे असेल तर उरली १.२, म्हणजे ६००० तास. प्लांट वर्षाला ८००० तास चालवायचा विचार असेल तर ही ट्यूब पुढच्या वार्षिक शटडाऊनपर्यंत पोचत नाही. ४.२ हा आकडा नुसता बघितला तर कुणालाही भीती वाटत नाही, वेग लावला की चित्र बदलतं.

सुरुवातीची जाडी ड्रॉइंगवरून घेऊ नका. ट्यूबची ऑर्डर बऱ्याचदा कमीत कमी जाडीची असते आणि प्रत्यक्ष ट्यूब त्याहून वीस टक्क्यांपर्यंत जाड येऊ शकते. म्हणजे ५.० लिहिलेली ट्यूब खरी ५.८ ची असेल, आज ४.८ भरली, तर तुम्ही लिहाल ०.२ गेली आणि प्रत्यक्षात पूर्ण १ मिमी गेलेली असेल. नवीन प्लांट असेल तर सुरू व्हायच्या आधीच एकदा मोजून ठेवा म्हणून आग्रह धरा. ही नोंद नंतर कुठल्याही पैशाने मिळत नाही.

रिपोर्टमध्ये नुसता तक्ता देऊ नका. भिंत उलगडून कागदावर काढा, आडव्या बाजूला ट्यूब नंबर, उभ्या बाजूला उंची, आणि झिजेच्या वेगाप्रमाणे रंग भरा. हजार आकड्यांत न दिसलेला डाग एका नजरेत दिसतो, आणि तो डाग कुठे आहे यावरून कारण कळतं. एकाच बाजूला असेल तर ज्वाळा कलतेय, गोल असेल तर सूटब्लोअर, आडवा पट्टा असेल तर रिफ्रॅक्टरीची कड.

९. उपाय सुचवताना

पातळ जागी पॅड वेल्डिंग (वरून वेल्डिंगचा थर चढवणं) करून प्लांट चालू करायचा आग्रह होतो. क्लोराईड शिरलेल्या पातळ ट्यूबवर वेल्डिंग म्हणजे तडा जायला निमंत्रण. तुकडा बदला, आणि तोही बॉयलर निरीक्षकाला कळवून, आयबीआर (भारतीय बॉयलर नियम) सर्टिफिकेट असलेल्या ट्यूबने आणि पात्र वेल्डरकडून.

अलॉय ६२५ चं ओव्हरले वॉटरवॉलवर चांगलं चालतं, साधारण २ मिमीच्या वर जाडी ठेवतात, आणि खालचं लोखंड त्यात जास्त मिसळलं तर त्याची ताकद कमी होते. पण पृष्ठभाग ४०० अंशाच्या वर जायला लागला की तेही खाल्लं जातं, त्यामुळे गरम सुपरहीटरला "सगळीकडे ६२५ मारा" हे उत्तर नाही. तिथे सुपरहीटरच्या आधी गॅसचं तापमान ६५० च्या खाली आणणं जास्त कामाचं. सुपरहीटरच्या आधीचे पास घाणीने माखले की गॅस थंड न होता तसाच पुढे जातो, म्हणून सफाईचं वेळापत्रक आणि ट्यूबचं आयुष्य या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत, आणि तुम्ही मागितलेला तापमानाचा ट्रेंड इथे उपयोगी पडतो.

बंकरवरच्या क्रेन ऑपरेटरशी नक्की बोला. कचरा नीट उलटून-पालटून मिसळणं त्याच्या हातात असतं. चप्पल-बुटांचा, रेक्झिनचा माल एकदम एका घासात गेला की क्लोरीनचा लोंढा येतो, तोच माल दिवसभरात विभागून गेला तर फरक पडतो. कंट्रोल रूममध्ये त्या माणसाला कुणी विचारत नाही, पण कुठला माल कधी आला हे त्यालाच माहीत असतं.

१०. सिन्नर-अंबडच्या साध्या बॉयलरवाल्यांसाठी

बायोमासच्या बॉयलरमध्ये स्वस्त पडतं म्हणून आरडीएफ (कचऱ्यापासून केलेलं इंधन) मिसळायचा विचार आता बरेच जण करतात. आरडीएफ हा कचराच आहे, वाळवलेला आणि चाळलेला. त्यातलं प्लास्टिक, क्लोरीन, झिंक कुठे जात नाही. परवानगीचं बघाच, प्रदूषण मंडळाच्या संमतीत ते इंधन आहे का ते तपासा, पण त्याआधी प्रत्येक लॉटचा क्लोरीनचा रिपोर्ट मागा आणि सुपरहीटरची जाडी मोजून ठेवा. ज्या बॉयलरचं डिझाइन लाकूड-भुशासाठी आहे त्याचा सुपरहीटर असल्या गॅससमोर लवकर जाऊ शकतो.

११. बॉयलर बंद ठेवायचा असेल तर

शटडाऊन लांबला आणि बाहेर जुलैचा पाऊस असेल तर राख तशीच ठेवू नका. तिच्यातले क्लोराईड हवेतलं पाणी ओढून ओले होतात आणि बॉयलर थंड असतानाही ट्यूबला खड्डे पाडतात. एकतर नीट धुऊन लगेच पूर्ण सुकवा, नाहीतर गरम कोरडी हवा फिरवत ठेवा. अर्धवट धुऊन तसंच सोडणं सगळ्यात वाईट, पाणी आणि मीठ दोन्ही आत राहतं.

निघताना मोजलेल्या पॉइंटचे नंबर ड्रॉइंगवर टाकून एक प्रत मेन्टेनन्सकडे आणि एक स्वतःकडे ठेवा, कारण भिंतीवरचा मार्कर पुढच्या वेळेपर्यंत जळून गेलेला असतो आणि तीच जागा परत सापडली तरच पुढचा वेग काढता येतो.